वाचकांचे प्रश्न : ॲप्लिकेशनच्या पोटातला ब्रोकर बंद करताना

मेसेज ब्रोकर, म्हणजे संदेश रांगेत ठेवून ते घेणाऱ्यापर्यंत पोहोचवणारा मध्यस्थ प्रोग्रॅम, वेगळ्या सर्व्हरवर न ठेवता तो ॲप्लिकेशनच्याच प्रोसेसमध्ये चालवणाऱ्या वाचकांकडून आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. शब्द वेगळे असले तरी बहुतेकांचे दुखणे सारखेच आहे. ब्रोकर सुरू करणे चार ओळींत जमते, बंद करताना मात्र तारांबळ उडते. पहिला प्रश्न सर्वांत सविस्तर असल्यामुळे त्याचे उत्तरही त्याच प्रमाणात लांबले आहे.

प्रश्न : आमचे ॲप्लिकेशन जावामध्ये असून स्प्रिंग या फ्रेमवर्कवर उभे आहे. ॲक्टिव्हएमक्यू क्लासिकचा ब्रोकर त्याच प्रोसेसमध्ये सुरू होतो. बाहेरची यंत्रे टीसीपीच्या ६१६१६ या पोर्टवर जोडली जातात, तर आतले लिसनर, म्हणजे संदेश घेऊन त्यावर काम करणारे घटक, कनेक्शन पूलमार्फत (उघडी कनेक्शन पुन्हा पुन्हा वापरण्याचा साठा) ‘व्हीएम’ ट्रान्सपोर्ट, म्हणजे त्याच प्रोसेसमधली थेट जोडणी, वापरतात. प्रोसेसला सिग्नल देऊन बंद केले की लॉगमध्ये एक्सेप्शनचा पूर येतो आणि पुढच्या वेळी काही संदेशांवर दुसऱ्यांदा प्रक्रिया होते. आमच्या प्रशासन पानावरील ‘बंद करा’ या आज्ञेने थांबवले, तर त्याहून विचित्र प्रकार घडतो. ती आज्ञा आधी ब्रोकर थांबवते व मग स्प्रिंगचा कॉन्टेक्स्ट (ॲप्लिकेशनचे घटक सांभाळणारा भाग) बंद करते. ब्रोकर बंद झाल्याच्या नोंदीपाठोपाठ तो पुन्हा सुरू झाल्याची नोंद दिसते आणि प्रोसेस संपतच नाही. कारण काय असावे आणि योग्य क्रम कोणता?

उत्तर : आपण शेवटी सांगितलेला प्रकार आधी घेऊ, कारण तो उलगडला की बाकीच्या गोष्टींचा रोख समजतो.

व्हीएम ट्रान्सपोर्टची एक सवय आहे. पत्त्यातील नावाचा ब्रोकर त्या जेव्हीएममध्ये (जावा चालवणाऱ्या प्रोसेसमध्ये) सापडला नाही, तर हा ट्रान्सपोर्ट स्वतःच नवा ब्रोकर तयार करतो. सुरुवातीला ही सोय वाटते. बंद करताना तीच अंगाशी येते. आपली आज्ञा ब्रोकर थांबवते तेव्हा लिसनर अजून जागेच असतात. त्यांच्या दृष्टीने फक्त कनेक्शन तुटलेले असते आणि तुटलेले कनेक्शन पुन्हा जोडणे हे तर लिसनर सांभाळणाऱ्या स्प्रिंगच्या कंटेनरचे कामच आहे. तो इमानेइतबारे व्हीएमच्या पत्त्यावर दार ठोठावतो, तिथे कोणी नसते, म्हणून नवा ब्रोकर जन्माला येतो. या ब्रोकरला आपण ठरवलेली कोणतीही मांडणी ठाऊक नसते. त्यामुळे आपण साठवणीसाठी दुसरी जागा नेमलेली असतानाही चालू डिरेक्टरीत ‘ॲक्टिव्हएमक्यू-डेटा’ नावाचे फोल्डर अवतरलेले दिसले, तर हाच प्रकार घडला असे बहुतेक वेळा खात्रीने म्हणता येते. त्या फोल्डरमध्ये काही संदेश अडकले आहेत का, हे पाहिल्याशिवाय ते पुसू नये.

असा आपोआप तयार झालेला ब्रोकर त्याच्याशी असलेले शेवटचे कनेक्शन सुटल्यावर स्वतःहून बंद होतो. परंतु आपण कनेक्शन पूल वापरता. पूल बंद करायचा राहिला असेल, तर शेवटचे कनेक्शन सुटतच नाही, ब्रोकरचे थ्रेड चालू राहतात आणि त्यांच्यामुळे प्रोसेसही जिवंत राहते. यावर तातडीचा उपाय म्हणजे व्हीएमच्या पत्त्यात ‘क्रिएट’ हा पर्याय ‘फॉल्स’ करणे. मग ब्रोकर नसेल तर जोडणी सरळ अपयशी ठरेल. सुरुवातीला लिसनर ब्रोकरच्या आधी जागे होण्याची शक्यता असेल, तर ‘वेट-फॉर-स्टार्ट’ या पर्यायाने किती मिलिसेकंद वाट पाहावी ते सांगता येते.

आता सिग्नलचा मार्ग. ॲक्टिव्हएमक्यूचा ब्रोकर काही न सांगता जेव्हीएममध्ये स्वतःचा शटडाउन हुक (बंद होताना चालवायचा कोड) नोंदवतो आणि स्प्रिंगची तयार मांडणी देणारे स्प्रिंग बूटही आपला हुक नोंदवते. जेव्हीएम सर्व हुक एकाच वेळी सुरू करते व त्यांच्यात कोणताही क्रम पाळण्याची हमी देत नाही. म्हणजे एका थ्रेडवर ब्रोकर आपली साठवण मिटवत असतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या थ्रेडवर स्प्रिंग लिसनरला ‘हातातले काम संपव’ असे सांगत असते. कोण आधी पोहोचेल हे प्रत्येक वेळी वेगळे. लॉगमधील पूर येतो तो यातूनच. म्हणून ब्रोकर सुरू करण्यापूर्वी त्याचा ‘यूज-शटडाउन-हुक’ हा गुण ‘फॉल्स’ करावा. गो भाषेत नॅट्स या दुसऱ्या ब्रोकरचा सर्व्हर पोटात चालवणाऱ्यांनाही हाच इशारा लागू आहे. तो सर्व्हरही सिग्नल स्वतः पकडतो आणि इंटरप्ट मिळाल्यास स्वतः बंद होऊन अख्खी प्रोसेसच संपवतो, त्यामुळे त्याच्या पर्यायांत ‘नो-सिग्ज’ चालू ठेवावे लागते. सिग्नल ऐकण्याचा अधिकार प्रोसेसमध्ये एकालाच असावा आणि तो ॲप्लिकेशनचा असावा. पोटातील घटकांनी सांगितल्यावर थांबावे.

हुक काढला म्हणजे सारे सुरळीत होईल असे मात्र समजू नये. स्प्रिंगमध्ये लिसनर-कंटेनरचा टप्पा सर्वांत वरचा असतो, म्हणजे तो सर्वांत शेवटी सुरू होतो आणि सर्वांत आधी थांबतो. इथपर्यंत उत्तम. पुढे बीन, म्हणजे स्प्रिंगने सांभाळलेले घटक, मोडण्याची वेळ येते तेव्हा स्प्रिंग परस्परावलंबन पाहून उलट्या क्रमाने जाते, आणि इथे एक बारीक फट राहते. आपली कनेक्शन फॅक्टरी (कनेक्शन तयार करून देणारा घटक) ब्रोकरला ओळखते ती केवळ पत्त्याच्या मजकुरातून. स्प्रिंगच्या दृष्टीने तो निव्वळ मजकूर असतो, त्यामुळे फॅक्टरी ब्रोकरवर अवलंबून आहे हे तिला कळायला मार्ग नाही. ते ‘डिपेंड्स-ऑन’ या ॲनोटेशनने स्पष्ट सांगावे. मग ब्रोकर आधी सुरू होतो आणि पूल मोडून झाल्यावरच थांबतो.

एकूण क्रम असा बसतो. प्रथम नवे काम येण्याचे मार्ग बंद करावेत, म्हणजे एचटीटीपीवरून येणाऱ्या विनंत्या, ठरावीक वेळी संदेश टाकणारी आतली वेळापत्रके आणि ब्रोकरचा टीसीपी कनेक्टर. कनेक्टर थांबवला की त्यावरची बाहेरची कनेक्शनही सुटतात आणि त्या क्लायंटनी पोच न दिलेले संदेश रांगेत परत येतात. व्हीएमवरचा आतला व्यवहार मात्र चालू राहतो. त्यानंतर लिसनर थांबवावेत व त्यांच्या हातातील संदेश पूर्ण होण्याची वाट पाहावी. मग कनेक्शन पूल बंद करावा, मग ब्रोकर थांबवून तो खरोखर थांबेपर्यंत, म्हणजे ‘वेट-अन्टिल-स्टॉप्ड’ परत येईपर्यंत, थांबावे. डेटाबेसचा पूल सर्वांत शेवटी. हा शेवटचा मुद्दा अनेकदा निसटतो. लिसनर आपले शेवटचे काम नोंदवायला जातो आणि तोवर डेटाबेसच निघून गेलेला असतो.

दुहेरी प्रक्रियेचे कारण फार छोट्या अवकाशात दडलेले असते. लिसनरने संदेश वाचला, डेटाबेसमध्ये ओळ लिहिली, तिथला व्यवहार (ट्रान्झॅक्शन) पक्का केला आणि त्यानंतर ब्रोकरला पोच देऊन आपले सत्र पक्के केले. शेवटच्या दोन पायऱ्यांमध्ये काही मिलिसेकंदांचे अंतर असते. नेमका तेवढ्यात ब्रोकर थांबला, तर डेटाबेसच्या लेखी काम झालेले असते आणि ब्रोकरच्या लेखी झालेले नसते. पुढच्या वेळी तोच संदेश ‘पुन्हा दिलेला’ अशी खूण लावून येतो. वरचा क्रम पाळला की नेहमीच्या बंद-चालूत हे घडणार नाही, पण वीज गेली किंवा प्रोसेस मारली गेली तर कोणताच क्रम पाळला जात नाही. म्हणून संदेशाचा ओळखक्रमांक त्याच डेटाबेस व्यवहारात, पुनरावृत्ती न स्वीकारणाऱ्या स्तंभात लिहावा. दुसऱ्यांदा आलेला संदेश तिथे आपटतो, मग त्याची नुसती पोच द्यावी.

आपली तक्रार संदेश दोनदा येण्याची आहे, हे एका अर्थी बरेच म्हणायचे. स्प्रिंगच्या ‘डिफॉल्ट मेसेज लिसनर कंटेनर’मध्ये सत्र व्यवहारबद्ध नसेल आणि पोच देण्याची रीत ‘ऑटो’ असेल, तर पोच लिसनर चालण्याच्या आधीच जाते. अशा मांडणीत मध्येच प्रोसेस पडली तर संदेश दोनदा येत नाही, तो कायमचा जातो, आणि लॉगमध्ये त्याची कुणकुणही लागत नाही. स्प्रिंग बूटची आपोआप होणारी मांडणी जेटीए (अनेक साठवणींवरचा एकत्र व्यवहार) नसल्यास सत्र व्यवहारबद्ध ठेवते. कंटेनर स्वतः हाताने बांधला असेल तर हा गुण आवर्जून तपासावा.

प्रश्न : ब्रोकर थांबवण्यापूर्वी सर्व रांगा रिकाम्या होईपर्यंत थांबावे, असा आमच्या गटात आग्रह आहे. तो योग्य आहे का?

उत्तर : संदेश डिस्कवर टिकणारे असतील तर नाही. रांगेत पडून असलेला टिकाऊ संदेश हा हरवलेला संदेश नव्हे. तो जर्नलमध्ये, म्हणजे ब्रोकरच्या डिस्कवरच्या नोंदवहीत, लिहिलेला आहे, ब्रोकर पुन्हा उठल्यावर तो जागच्या जागी असेल. धोका असतो तो रांगेतून निघालेल्या पण पोच न मिळालेल्या संदेशांना, आणि प्रोड्यूसरने पाठवलेल्या पण ब्रोकरने अजून स्वीकृती न कळवलेल्या संदेशांना. वाट पाहायची ती या दोन गटांची. दहा हजार संदेश साचले असताना रांग रिकामी करण्याचा हट्ट धरला, तर बंद होण्याचा वेळ त्या दिवशीच्या गर्दीवर अवलंबून राहील, आणि ज्या दिवशी गर्दी असते त्याच दिवशी बहुधा घाईने बंद करावे लागते.

शिवाय काही रांगा कधीच रिकाम्या होत नाहीत. ज्या रांगेचा कन्झ्युमर (संदेश घेणारा) बाहेरच्या यंत्रावर आहे ती रांग तुम्ही टीसीपी कनेक्टर थांबवल्यानंतर कोण उपसणार? अपयशी संदेशांची रांग तर माणसाने हात लावेपर्यंत भरलेलीच असते. उद्या सकाळी पोहोचवण्यासाठी ठेवलेले वेळापत्रकातले संदेशही तसेच राहणार.

अपवाद आहे तो टिकाऊपणा बंद केलेल्या ब्रोकरचा, जिथे सर्व काही केवळ मेमरीत असते. तिथे प्रोसेस संपली की रांग संपली. अशा ठिकाणी ॲक्टिव्हएमक्यूची ‘स्टॉप-ग्रेसफुली’ ही पद्धत उपयोगी पडते. तिला कनेक्टरचे नाव, रांगेचे नाव, कमाल वेळ आणि दर किती वेळाने पाहायचे हे द्यावे लागते. ती आधी जुळणारे कनेक्टर थांबवते, मग जुळणाऱ्या रांगा रिकाम्या होण्याची वाट पाहते आणि त्यानंतर ब्रोकर थांबवते. तिला रांगांची स्थिती जेएमएक्समधून (जावाच्या देखरेख यंत्रणेतून) कळते, त्यामुळे जेएमएक्स बंद ठेवून ती चालणार नाही. रांगेचे नाव देताना सरसकट सर्व रांगा जुळतील असा नमुना देऊ नये आणि कमाल वेळ दिल्याशिवाय तिला हात लावू नये.

आर्टेमिस, म्हणजे ॲक्टिव्हएमक्यूचाच दुसरा ब्रोकर, वापरणाऱ्यांनी एक फरक लक्षात घ्यावा. त्यातील ‘ग्रेसफुल शटडाउन’ मुळात बंद असते. चालू केल्यावर ते रांगांची नव्हे, तर जोडलेल्या क्लायंटनी स्वतःहून निघून जाण्याची वाट पाहते, आणि त्याचा टाइमआउट ठरवून दिला नसेल तर ती वाट अमर्याद असते. एक विसराळू क्लायंट ब्रोकरला हवा तितका वेळ अडवून धरू शकतो.

प्रश्न : आम्ही सर्व क्रम नीट लिहिला आहे, चाचणीत तो चालतोही, पण डॉकरसारख्या कंटेनरमध्ये चालवल्यावर ब्रोकर थांबवण्याच्या पायरीपर्यंत प्रोसेस पोहोचतच नाही. असे का?

उत्तर : बहुधा वेळ पुरत नाही, किंवा सिग्नलच पोहोचत नाही. दुसरी शक्यता तपासायला सोपी असल्याने ती आधी घ्यावी. कंटेनरमध्ये पहिली प्रोसेस शेल स्क्रिप्ट असेल आणि तिने जावा ही उपप्रोसेस म्हणून सुरू केली असेल, तर सिगटर्म, म्हणजे ‘बंद हो’ असे सांगणारा सिग्नल, शेलला मिळतो व तो खाली पोहोचत नाही. स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत जावाच्या आज्ञेपुढे ‘एक्झेक’ लावले की शेलची जागा जावा घेते. संपण्याचा कोडही बोलका असतो. जावाची प्रोसेस सिगटर्म ऐकून संपली तर १४३ दिसतो, सिगकिलने, म्हणजे काही आवरू न देता संपवणाऱ्या सिग्नलने, मारली गेली तर १३७. पहिला १२८ अधिक १५ आणि दुसरा १२८ अधिक ९. मेमरीची मर्यादा ओलांडल्यामुळे मारलेल्या प्रोसेसचाही कोड १३७च असतो, तेवढे पडताळून पाहावे.

वेळेचा हिशेब मात्र कागदावर मांडावा लागतो. काहीच सांगितले नसेल तर डॉकर सिगटर्मनंतर १० सेकंद थांबते, अनेक कंटेनर सांभाळणारे कुबरनेटीज ३० सेकंद आणि लिनक्सवरील सेवा सांभाळणारे सिस्टमडी सामान्यतः ९० सेकंद. कुबरनेटीजमध्ये ‘प्री-स्टॉप’ला (सिगटर्मआधी चालणाऱ्या पायरीला) लागणारा वेळ याच ३० सेकंदांतून वजा होतो, तो वेगळा मिळत नाही. आता स्प्रिंग बूटकडे पाहा. तिथे बंद होण्याच्या प्रत्येक टप्प्याला ३० सेकंदांची मुभा असते. ती टप्प्यागणिक आहे, एकूण नव्हे. म्हणजे एखादा लिसनर बाहेरच्या संथ सेवेची वाट पाहत अडकला, तर तो एकटाच संपूर्ण मुदत खाऊन टाकतो. ब्रोकर थांबवण्याची पायरी सर्व टप्प्यांनंतर येते, तिची पाळी येण्याआधीच सिगकिल येऊन धडकतो. आपल्याला दिसणारे लक्षण याच्याशी तंतोतंत जुळते.

म्हणून हिशेब शेवटाकडून करावा. साठवण मिटवायला किती लागतात ते मोजावे, समजा ५ सेकंद. शिवाय आणखी तेवढीच राखीव म्हणून मोकळी सोडावीत. ‘प्री-स्टॉप’मध्ये ५ सेकंद जात असतील, तर ३० पैकी लिसनरसाठी १५ उरतात आणि टप्प्याची मुभा त्याहून कमी ठेवावी लागते. एका संदेशावरील प्रक्रियेला १५ सेकंदांहून जास्त वेळ लागत असेल तर कुबरनेटीजची मुदत वाढवून मागावी. लिसनरने मुदतीत काम संपवले नाही तर त्याला सोडून पुढे जावे. त्याचा व्यवहार पक्का झालेला नसल्याने संदेश परत येईल, आणि ब्रोकरला व्यवस्थित बंद होण्याची संधी मिळेल.

प्रश्न : बाहेर जोडलेल्या क्लायंटना ‘आम्ही बंद होत आहोत’ हे कसे कळवावे? सध्या त्यांना फक्त कनेक्शन तुटल्याचे दिसते.

उत्तर : ते प्रोटोकॉलवर अवलंबून आहे. उपकरणे वापरतात त्या एमक्यूटीटी प्रोटोकॉलच्या ३.१.१ आवृत्तीत सर्व्हरकडून निरोप घेण्याची सोयच नाही, ‘डिस्कनेक्ट’ फक्त क्लायंट पाठवू शकतो. २०१९ सालच्या पाचव्या आवृत्तीत सर्व्हरही ‘डिस्कनेक्ट’ पाठवू शकतो आणि त्यात सर्व्हर बंद होत असल्याचा कारणक्रमांक, दशमान पद्धतीत १३९, देता येतो. एएमक्यूपी ०-९-१ या दुसऱ्या संदेश-प्रोटोकॉलमध्ये कनेक्शन बंद करतानाचा ३२० हा कोड ‘चालवणाऱ्याने हेतुपुरस्सर बंद केले’ या अर्थाचा आहे. नॅट्समध्ये ‘लेम डक’ नावाची अवस्था आहे. सर्व्हर नवी कनेक्शन घेणे थांबवतो, असलेल्यांना तसे कळवतो आणि मग त्यांना एकदम न तोडता हळूहळू सोडतो. सुरुवातीची सवलत १० सेकंदांची व एकूण कालावधी २ मिनिटांचा, असे त्याचे मूळ आकडे आहेत. जाण्यासाठी दुसरा सर्व्हर उपलब्ध असेल तेव्हाच या अवस्थेचा खरा लाभ होतो, आणि पोटात चालणारा ब्रोकर बहुतेकदा एकटाच असतो.

एमक्यूटीटी वापरणाऱ्यांनी ‘विल’ संदेशांकडेही लक्ष द्यावे. उपकरण निरोप न घेता गेले तर त्याच्या वतीने ब्रोकर हा संदेश प्रसिद्ध करतो. ब्रोकरने स्वतःच सर्व सॉकेट बंद केल्यावर त्याच्या कोडने त्यालाही ‘उपकरणे गेली’ असे मानले, तर जाता जाता शेकडो उपकरणे बंद पडल्याची खोटी वर्दी सर्वत्र जाते. सर्व्हर बंद होत असेल तर हे संदेश पुन्हा सुरू होईपर्यंत लांबणीवर टाकण्याची मुभा एमक्यूटीटीच्या मानकाने दिली आहे. आपला ब्रोकर ती पाळतो का, हे चाचणीनेच ठरवावे.

त्याखालच्या थरात टीसीपीची एक खोच आहे. सॉकेटमध्ये न वाचलेला डेटा शिल्लक असताना तो बंद केला, तर समोरच्याला शांतपणे ‘फिन’ (निरोप) न जाता ‘रीसेट’ (तडकाफडकी तोडल्याची सूचना) जातो, आणि रीसेट पोहोचल्यावर समोरच्याने अजून न वाचलेला डेटाही टाकून दिला जाऊ शकतो. ब्रोकरने शेवटची स्वीकृती पाठवली, पण क्लायंट त्या क्षणी नवे संदेश ओतत असल्याने ती वाचली जाण्याआधीच रीसेट आला, तर क्लायंट तो संदेश न पोहोचलेला मानून पुन्हा पाठवणार. स्वतःचा ब्रोकर किंवा त्याचा नेटवर्क थर लिहिणाऱ्यांनी आधी फक्त लिहिण्याची बाजू बंद करावी, समोरून शेवट येईपर्यंत ठरावीक वेळ वाचत राहावे आणि मगच सॉकेट सोडावा.

क्लायंटच्या बाजूने दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. ॲक्टिव्हएमक्यूचा ‘फेलओव्हर’ ट्रान्सपोर्ट १० मिलिसेकंदांपासून सुरुवात करून प्रत्येक प्रयत्नामागे थांबण्याचा वेळ वाढवत ३० सेकंदांपर्यंत नेतो, हे चांगले आहे. परंतु तुटलेल्या अवस्थेत संदेश पाठवणारा थ्रेड किती काळ अडून राहील, याची त्यात मुळात मर्यादा नसते. त्यामुळे ब्रोकर बंद असताना क्लायंटही बंद करायला गेलात तर तोही लटकतो. ‘टाइमआउट’ हा पर्याय देऊन ती मर्यादा घालावी. दुसरे, पुन्हा जोडण्याचा तर्क स्वतः लिहिला असेल तर वाट पाहण्याच्या वेळेत थोडा यादृच्छिक फरक ठेवावा, नाहीतर ब्रोकर उठताक्षणी सर्वजण एकदम त्याच्यावर तुटून पडतात.

प्रश्न : आम्ही एका नियंत्रण रांगेत ‘बंद व्हा’ असा संदेश टाकतो. लिसनरला तो मिळाला की तो ब्रोकर थांबवतो. कधी कधी सर्व गोठून जाते, आणि एकदा तर पुन्हा सुरू केल्यावर ॲप्लिकेशन लगेच स्वतःहून बंद झाले.

उत्तर : दोन्ही गोष्टी अपेक्षितच आहेत. कनेक्शन बंद करण्याची क्रिया चालू लिसनर संपण्याची वाट पाहते, आणि इथे लिसनरच ती क्रिया संपण्याची वाट पाहत आहे. जेएमएस या जावाच्या संदेश-मानकाच्या २.० आवृत्तीने लिसनरमधून स्वतःचेच कनेक्शन बंद करण्याला मनाई केली असून तसे केल्यास एक्सेप्शन मिळते. जुन्या आवृत्तीत ती हमी नाही. दुसरा प्रकार पोच न गेल्यामुळे घडतो. ब्रोकर लिसनरच्या आतच थांबला, म्हणून आज्ञेची पोच कधी पोहोचलीच नाही. संदेश टिकाऊ होता, तो पुढच्या वेळी पुन्हा आला आणि ॲप्लिकेशनने आज्ञा पाळली.

लिसनरने फक्त एक खूण उठवावी, उदाहरणार्थ काउंटडाउन लॅच (शून्य होईपर्यंत थ्रेडला थांबवून ठेवणारा मोजक) शून्यावर आणावा, आणि परत जावे. मुख्य थ्रेड त्या लॅचवर थांबलेला असेल, तो पुढची सर्व पावले टाकेल. आज्ञेचा संदेश टिकाऊ नसावा आणि त्याला थोड्या सेकंदांचे आयुष्य द्यावे. जावात लिहीत असाल तर आणखी एक पथ्य म्हणजे शटडाउन हुकच्या आतून ‘सिस्टम.एक्झिट’ कधीही बोलावू नये. तो हुक तिथेच कायमचा अडकतो.

प्रश्न : कुबरनेटीजवर नवी आवृत्ती टाकताना नवा पॉड (ॲप्लिकेशनची चालती प्रत) सुरूच होत नाही आणि जुना जात नाही. ब्रोकरची साठवण दोघांना दिसणाऱ्या एकाच व्हॉल्यूमवर आहे. लॉगमध्ये साठवण कुलूपबंद असून ब्रोकर ‘स्लेव्ह’ अवस्थेत वाट पाहत असल्याची नोंद येते. कुलपाची फाइल पुसून टाकावी का?

उत्तर : मुळीच पुसू नये. ॲक्टिव्हएमक्यूच्या काहाडीबी साठवणीचे खरे कुलूप ऑपरेटिंग सिस्टीमने त्या फाइलवर धरलेले असते, फाइल दिसते म्हणून कुलूप लागलेले आहे असे नाही. जुनी प्रोसेस सिगकिलने मेली तरी त्या यंत्रावरचे कुलूप सुटते आणि नुसती फाइल मागे राहते, ती निरुपद्रवी असते. आपल्या बाबतीत मात्र कुलूप खरे आहे, कारण जुना पॉड जिवंत आहे. फाइल पुसलीत तर नवा ब्रोकर नवी फाइल करून आत शिरेल आणि दोन ब्रोकर एकाच जर्नलमध्ये लिहू लागतील.

कोंडी कुठे आहे ते पाहा. कुबरनेटीजमधील ‘डिप्लॉयमेंट’ची मूळ पद्धत नवा पॉड तयार झाल्यावर जुना काढण्याची आहे. एकच प्रत चालवत असाल तर जास्तीचा एक पॉड चालतो, पण कमी झालेला एकही चालत नाही, कारण या दोन्हींसाठीच्या २५ टक्के या मूळ मर्यादा अनुक्रमे वर आणि खाली पूर्णांकात नेल्या जातात. नवा पॉड कुलपासाठी थांबतो, ब्रोकर सुरू होईपर्यंत ॲप्लिकेशन ‘तयार’ होत नाही, आणि ते तयार होत नाही म्हणून जुन्या पॉडला सिगटर्म जात नाही. काही सांगितले नसल्यास १० मिनिटांनी कुबरनेटीज हा बदल पुढे सरकत नसल्याचे नोंदवते, पण कोंडी स्वतः फोडत नाही.

पद्धत बदलून ‘रीक्रिएट’ करावी, म्हणजे जुना पॉड पूर्ण संपल्यावरच नवा सुरू होईल. किंवा ‘स्टेटफुलसेट’ वापरावा, जो एका ओळखीचा दुसरा पॉड पहिला संपेपर्यंत उभा करत नाही. दोन्हींत थोडा काळ सेवा बंद राहते आणि एकच साठवण असलेल्या ब्रोकरला ते चुकवता येत नाही. तो काळ किती असेल हे मुख्यतः जुना ब्रोकर किती लवकर आणि व्यवस्थित थांबतो यावर ठरेल. तो मारला गेला असेल तर नव्याला उठताना जर्नलचा शेवटचा भाग पुन्हा वाचून अनुक्रमणिका सावरावी लागते, आणि बंद करताना वाचवलेले सेकंद तिथे खर्च होतात.